फ्लॉरेन्स नाइटिंगेल : शुश्रूषेला शास्त्राची बैठक देणारी स्त्री

दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्मदिवस. रात्री हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी दयाळू स्त्री, हे तिचे चित्र शालेय पुस्तकांमुळे आपल्या परिचयाचे आहे. परंतु केवळ दयेने रोगी बरा होत नाही, त्याच्याकडे नीट पाहावे लागते, पाहिलेले मोजावे लागते आणि मोजलेले लिहून ठेवावे लागते, हे तिने जगाला शिकवले, याची माहिती फारच थोड्यांना असते. आपल्या मुलामुलींना रुग्णसेवेच्या क्षेत्रात पाठवावे की नाही असा विचार करणाऱ्या पालकांनी तिच्या चरित्राची ही बाजू अवश्य जाणून घ्यावी.

फ्लॉरेन्सचा जन्म १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. वडील विल्यम नाइटिंगेल विद्याव्यासंगी होते. त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास व तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला विशेष ओढ होती ती गणिताची. मुलीने गणित शिकून काय करायचे, हा प्रश्न त्या काळी इंग्लंडमधील सुखवस्तू घरांतही विचारला जात असे. तरीही तिने गणिताचा नाद सोडला नाही.

पंचविशीच्या सुमारास तिने रुग्णालयात काम शिकण्याची इच्छा घरी बोलून दाखवली, तेव्हा घरात जणू आकाश कोसळले. त्या काळच्या परिचारिका बहुधा अशिक्षित असत, त्यांना पगार नाममात्र मिळे, आणि त्यांच्या व्यसनांच्या कहाण्या सर्वत्र प्रसिद्ध होत्या. अशा ठिकाणी खानदानी मुलगी जाणार कशी? आईने व बहिणीने कडाडून विरोध केला. फ्लॉरेन्सने घर सोडले नाही आणि हट्टही सोडला नाही. पहाटे उठून ती रुग्णालयांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचीत बसे आणि त्यातील आकडे उतरवून घेई. अखेर १८५१ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, तिला जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे काही महिने शिक्षण घेता आले. १८५३ मध्ये लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली, तेव्हा वडिलांनी तिला वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन व फ्रान्स हे तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात उतरले. इस्तंबूलच्या समोर, बॉस्फरसच्या पलीकडच्या तीरावर उस्कुदार नावाची वस्ती आहे. इंग्रज तिला स्कुटारी म्हणत. तेथील तुर्की सैन्याची प्रचंड सेलिमिये बराक ब्रिटिशांना रुग्णालयासाठी मिळाली होती. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांसह तेथे पोहोचली. इमारतीखालची गटारे तुंबलेली, हवा कोंडलेली, जखमी जमिनीवर पडलेले आणि पुरेसे कपडे व भांडीही नाहीत, असे दृश्य तिला दिसले. तिने स्वयंपाकघर व धोबीखाना उभा केला, अन्न, कपडे व बिछाने मिळवले. रात्रीच्या फेरीत तिच्या हाती असे तो दिवा म्हणजे घडीचा तुर्की फानूस होता.

एवढे करूनही मृत्यू थांबेनात. १८५५ च्या फेब्रुवारीत तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले. मार्चमध्ये इंग्लंडहून सदरलँड, रॉलिन्सन आदींचे आरोग्य मंडळ आले. त्यांनी गटारे धुऊन काढली, गाड्याच्या गाड्या भरून घाण बाहेर नेली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांतून हवा खेळती केली. पाण्याच्या पाटात तर त्यांना मेलेला घोडा सापडला! जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

युद्धानंतर फ्लॉरेन्स मायदेशी परतली तेव्हा तिच्या नावाचा जयघोष चालला होता. ती मात्र एका प्रश्नाने अस्वस्थ होती. इतकी माणसे मेली कशाने? सुरुवातीला तिचा समज असा होता, की उपाशी व थकलेले सैनिक फार उशिरा रुग्णालयात आणले गेले म्हणून ते दगावले. खरे कारण शोधण्यासाठी कागदपत्रे पाहावीत, तर मृतांच्या नोंदी तीन ठिकाणी ठेवलेल्या आणि तिन्हींचे आकडे वेगवेगळे! विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने तिने आकड्यांची छाननी केली. जखमांपेक्षा कितीतरी पट अधिक माणसे टाळता येण्यासारख्या रोगांनी मेली, आणि हे रोग पुष्कळ अंशी रुग्णालयाच्या घाणीतूनच आले, असे त्यातून निघाले. म्हणजे जिथे ती स्वतः रात्रंदिवस राबली, तीच जागा रोग्यांचा घात करीत होती. दुसरी कोणी असती तर हे कागद मिटून ठेवले असते. फ्लॉरेन्सने त्यांचे तक्ते केले. कोणत्या महिन्यात कोणत्या कारणाने किती मृत्यू झाले, हे एका नजरेत दिसावे म्हणून तिने वर्तुळाकार रंगीत आकृत्या काढल्या व त्या मंत्र्यांपुढे आणि राणीपुढे ठेवल्या. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री होती.

क्रिमियात जडलेल्या तापाने तिची प्रकृती कायमची ढासळली होती. पुढील अनेक वर्षे तिने बहुतांशी खोलीत व बिछान्यात काढली, आणि तेथूनच तिची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. १८५९ साली येथील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला गेला. फ्लॉरेन्सने छावण्यांसाठी प्रश्नावली तयार करवून ती देशभर पाठवली. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, एका बराकीत किती माणसे झोपतात, असे त्यातील प्रश्न. उत्तरांचे ढीग तिच्या खोलीत येऊन पडले. १८६३ च्या अहवालातून निष्पन्न झाले की हिंदुस्थानातील ब्रिटिश सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत. सुधारणा झाल्यानंतर १८७३ च्या सुमारास हे प्रमाण हजारी १८ वर आले. सैनिकांपासून सुरू झालेला तिचा विचार येथील खेड्यांपर्यंत, दुष्काळ व पाणीपुरवठ्यापर्यंत पोहोचला. ग्रामस्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहारही झाला. हिंदुस्थानात मात्र ती एकदाही येऊ शकली नाही.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. त्याच सुमारास शुश्रूषेवरील तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात रोग्याच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील शिकवण अशी, की रात्र बरी गेली का असे मोघम विचारू नये. किती तास झोप लागली आणि कोणत्या वेळी, असे विचारावे. रोगी जेवला की नाही एवढ्यावर थांबू नये, ताटात किती उरले ते पाहावे. सरासरीवर विसंबून समोरच्या रोग्याकडे दुर्लक्ष करू नये, हेही ती बजावते. आणि निरीक्षण हे माहितीचा साठा करण्यासाठी नसून जीव वाचवण्यासाठी आहे, हे तिने कधी नजरेआड होऊ दिले नाही. जंतूंचा सिद्धान्त स्वीकारायला तिला उशीर लागला, हेही खरे. परंतु पाहण्याची व नोंदण्याची जी पद्धत तिने घालून दिली, तिनेच पुढे अनेकांच्या चुका दुरुस्त केल्या.

आज रुग्णालयातील सिस्टर दर काही तासांनी ताप, नाडी, श्वास, रक्तदाब व लघवीचे प्रमाण तक्त्यावर लिहितात, त्याचे मूळ या विचारात आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, रक्तातील प्राणवायू व रोग्याची शुद्ध यांना गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची एकसारखी पद्धत आली. बेरीज वाढली की तातडीने डॉक्टरांना बोलवायचे. रोगी खालावू लागला की पुष्कळदा आधी श्वासाची गती वाढते, आणि नेमकी तीच मोजायची राहून जाते. पूर्ण एक मिनिट घड्याळ धरून श्वास मोजणारी परिचारिका म्हणूनच जीव वाचवते.

आपल्या बीड जिल्ह्यालाही आकड्यांचे मोल कळले आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या येथील बायकांची गर्भाशये काढली जात असल्याची कुजबुज पुष्कळ दिवस होती. २०१९ साली शासकीय समितीपुढे पाहणीचे आकडे आले. ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. मोजदाद झाली तेव्हाच कुजबुजीला पुराव्याचे बळ आले. या बायांना वेळीच कोणी बसवून घेतले असते, दुखणे केव्हापासून, किती, कशाने वाढते हे विचारून तपासले व लिहिले असते, तर त्यांतील कितीतरी जणींची शस्त्रक्रिया टळली असती.

आणि हे विचारणार कोण? गावातील स्त्री आपले दुखणे बहुधा स्त्रीलाच सांगते, आणि तेही आपल्या बोलीत बोलणाऱ्या स्त्रीला. आपल्या समाजातील कित्येक माताभगिनी संकोचापायी दुखणे अंगावर काढतात. दखनी समजणारी, घरची रीत जाणणारी शिकलेली परिचारिका त्यांना मिळाली तर त्यांचे निम्मे ओझे उतरेल. हे काम आपल्या परंपरेला परकेही नाही. पैगंबरसाहेबांच्या (स.) काळी मदिनेत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत जखमींची शुश्रूषा होत असे, आणि खंदकाच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना तेथेच ठेवले होते.

एकेकाळी मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असलेल्या अंबाजोगाईत आज स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे रुग्णसेवेचे क्षेत्र आपल्या दारापर्यंत आले आहे. रात्रपाळी, वसतिगृह, लोक काय म्हणतील, या पालकांच्या चिंता फ्लॉरेन्सच्या आईलाही होत्या. त्या चिंतेत मुलीच्या उमेदीची कितीतरी वर्षे गेली. आपल्या मुलींची तशी जाऊ नयेत. विद्यार्थ्यांनीही ध्यानात घ्यावे की या व्यवसायाला कोमल मनाबरोबर पक्के गणित आणि सचोटीने लिहिणारा हात लागतो. न मोजता लिहिलेला आकडा हा रोग्याशी केलेला दगा आहे.

१९०७ साली ब्रिटनच्या राजाने फ्लॉरेन्सला ऑर्डर ऑफ मेरिट हा किताब दिला. तो मिळवणारीही ती पहिलीच स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी ती वारली. भारत सरकार १९७३ पासून तिच्या नावाने उत्तम परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देते. त्या यादीत कधीतरी बीड जिल्ह्यातील आपल्या एखाद्या मुलीचे नाव यावे, अशी तयारी आपल्या घराघरांत आणि शाळांत आजपासून व्हावी.