तळ्याकाठचा चित्रकार

आबालाल रहिमान हे नाव तुम्ही ऐकले आहे का? ते कोल्हापूरचे थोर चित्रकार होते. त्यांचे वडील कुराण शरीफच्या प्रती हाताने सुंदर अक्षरांत लिहीत. त्यामुळे रेषेचे आणि रंगाचे वळण आबालालांना घरातच लागले. पुढे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला.

आबालाल कोटितीर्थ तलावाजवळ साधेपणाने राहत. पाणी, झाडे, ऊन आणि सावली हेच त्यांचे सोबती होते. पाहिलेलीच जागा ते पुन्हा पुन्हा रंगवत. कारण प्रकाश बदलला की तीच जागा त्यांना नवी दिसे.

१९२२ मध्ये शाहू महाराज वारले. त्या दुःखात आबालालांनी आपली कितीतरी चित्रे पाण्यात सोडून दिली, असे सांगतात. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. उरलेल्या चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत.

मुलांनो, तुमच्या पिंपरी-चिंचवडमधूनही पवना वाहते. कारखान्यांच्या गर्दीतही तिच्या काठावर ऊन-सावली खेळते. ती एकदा थांबून पाहा. रोज दिसणारी गोष्टही मन लावून पाहावी, हेच आबालालांची चित्रे आपल्याला शिकवतात.