चुकांच्या तारेवरचा मार्कोनी

हौशी रेडिओचा परवाना हातात पडला, त्या आठवड्यात मी गच्चीपासून समोरच्या नारळापर्यंत तांब्याची लांब तार ताणली आणि घरी जुळवलेला संच सुरू केला. घरघर सोडून काही ऐकू येईना. दोन महिने मी संचच खोलत बसलो. चूक भलतीकडेच होती. तार आकाशात नेली होती, पण संच जमिनीला जोडलाच नव्हता. अंगणात तांब्याची सळई ठोकली आणि संच बोलू लागला. त्या संध्याकाळपासून मार्कोनी मला पाठ्यपुस्तकातला थोर पुरुष वाटेनासा झाला, गुरुबंधू वाटू लागला.

गुग्लिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयरिश. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. १८९४ साली हाइनरिश हर्ट्झ वारला. या जर्मन शास्त्रज्ञाच्या विद्युतलहरींबद्दल वाचून या तारांशिवाय संदेश पोचवतील, असं विशीतल्या मार्कोनीच्या मनाने घेतलं. पोन्तेक्कियो गावच्या घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. वडिलांना हा उद्योग फारसा पसंत नव्हता. आई मात्र पाठीशी उभी राहिली.

संदेश थोड्या अंतरापलीकडे जाईना. मार्कोनीने जोडण्या बदलल्या, पत्रे हलवून पाहिले. १८९५ साली यंत्राचं एक टोक उंच टांगलं, दुसरं जमिनीला जोडलं, आणि पल्ला एकदम वाढला. थोरला भाऊ आल्फोन्सो यंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला. संदेश पोचताच त्याने बंदुकीचा बार काढला. जी गोष्ट शिकायला मला दोन महिने लागले, ती त्याने कुणी न सांगता शोधली होती.

१८९६ साली आई त्याला घेऊन लंडनला गेली. तिथे पेटंट झालं, पुढच्या वर्षी कंपनी निघाली, १८९९ साली संदेश इंग्लिश खाडीपार गेला. मग त्याने अटलांटिकचा ध्यास घेतला. इंग्लंडच्या पोल्धू इथे दोनशे फुटी वीस खांबांचं कडं उभारलं. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळात ते सारं आडवं झालं. अमेरिकेतल्या केप कॉडचे खांबही नोव्हेंबरात कोसळले. माझा एकुलता एक बांबू वैशाखातल्या वळवात शेजारच्या गच्चीवरल्या कुरडयांवर पडला, तेव्हा मी तोंड लपवत हिंडलो होतो. मार्कोनीने पोल्धूला तात्पुरते दोन खांब उभे केले आणि पतंग-फुगे घेऊन तो न्यूफाउंडलंडला निघाला.

१२ डिसेंबर १९०१. सिग्नल हिलवर वारा घोंघावत होता. एक फुगा आदल्या दिवशीच गेला होता. अखेर पतंगाला बांधून तार वर चढली. भर दुपारी कानाला श्रवणयंत्र लावून बसलेल्या मार्कोनीला साडेतीन हजार किलोमीटरवरून आलेले तीन टिंब ऐकू आले. मोर्समधलं ते ‘एस’ अक्षर. त्याने वापरलेल्या पाऱ्याच्या ग्राहकाच्या जातीचं उपकरण आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ सालीच रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं, हेही विसरता कामा नये.

पण त्याने ते खरंच ऐकलं का? साक्षीला सहकारी केम्प तेवढा होता, कागदावर नोंद नव्हती. दिवसाउजेडी वातावरणाचा वरचा थर तसल्या लहरी गिळून टाकतो, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणून शंका अजून फिटलेली नाही. मला त्याच्यावर खोटेपणाचा आरोप करवत नाही. एका पहाटे मीही जपानचं एक केंद्र ऐकल्याचं वहीत लिहिलं आणि पुष्टीसाठी पत्र पाठवलं. उत्तर आलं, त्या दिवशी ते केंद्र बंद होतं. मी खोटं बोललो नव्हतो. कानांना जे हवं होतं, ते त्यांनी ऐकलं.

मार्कोनीही यातून शिकला. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर त्याने संदेश कागदी फितीवर उमटवले आणि कप्तानाची सही घेतली. त्याच प्रवासात कळलं, की रात्री तीन हजार किलोमीटरपलीकडे जाणारी खूण दिवसा अकराशेच्या आसपासच थकते. १९०९ साली त्याला ब्राउनबरोबर नोबेल मिळालं. १९१२ साली ‘टायटॅनिक’ची हाक बिनतारीनेच ऐकली गेली आणि सातशेवर माणसं वाचली.

सगळ्यात मोठी चूक मात्र पुढेच होती. दूर जायचं तर लहर लांब हवी, या समजुतीने त्याने अवाढव्य केंद्रं बांधली. जगाने त्याचं अनुकरण केलं. आखूड लहरी निरुपयोगी म्हणून हौशी मंडळींना देऊन टाकल्या. १९२३ साली त्याच लहरींवर फ्रान्स आणि अमेरिकेतल्या हौशींनी अटलांटिकपार गप्पा मारल्या. त्याच वर्षी मार्कोनीही ‘एलेत्रा’ नौकेवरून आखूड लहरी तपासत होता. लांब लहरींमागे जगाला आपणच नेलं, हे त्याने पुढे जाहीरपणे मान्य केलं.

या सुधारलेल्या चुकीचं फळ आपल्या दारी आलं. १९२७ साली खडकीहून इंग्लंडकडे आखूड लहरींवर तारा जाऊ लागल्या, तिकडच्या दौंडला उतरू लागल्या.

एक चूक मात्र त्याने सुधारली नाही. १९२३ साली तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये तो वारला. त्याच्यासाठी अनेक देशांतली रेडिओ केंद्रं दोन मिनिटं गप्प झाली.

माझ्या वहीतली ती जपानची नोंद मी खोडलेली नाही. शेजारी लाल शाईने खरं काय ते लिहून ठेवलंय. नवा मुलगा शिकायला आला, की आधी तेच पान दाखवतो आणि मग त्याला सळई ठोकायला अंगणात पाठवतो.