कर्वे सर, एक शंका आहे!

हॉस्टेलवर कोणती गोष्ट लपून राहते सांगा? कोणाला किती केट्या लागल्या, कोणाच्या घरून लाडू आले, कोण रात्री गच्चीवर तासन् तास फोनवर असतं... सगळं सगळ्यांना ठाऊक! पण गेल्या वर्षी पीएलमध्ये माझ्या रूम पार्टनरने एक गोष्ट तब्बल तीन आठवडे लपवली. मेसमध्ये तो कोपऱ्यात बसायला लागला. पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. रात्री दोन वाजता उठून आरशात स्वतःची जीभ बघायचा. शेवटी एका रात्री त्याला रडू फुटलं. त्याची खात्री झाली होती की आपल्याला एड्स झालाय.

घडलं होतं काय, तर नोकरी करणाऱ्या आपल्या मैत्रिणीला तो भेटला होता. चुंबन, मिठी, थोडी जवळीक, हाताचा स्पर्श. त्यापलीकडे काही नाही. आठवड्याने त्याला तोंड आलं. मग कोणाकडून काहीबाही ऐकलं, आणि गडी आडवा! परीक्षेला बसायचंच नाही इथपर्यंत आला. त्या मुलीचा फोन घेणंही त्याने बंद केलं, कारण आता त्याला तिच्या वागण्याचीच शंका यायला लागली होती.

आणि मी काय केलं? धीर दिला, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवरचा माझा टॉवेल त्याच्या टॉवेलपासून हळूच लांब सरकवला. त्याने ते पाहिलं. बोलला काहीच नाही. आजही ते आठवलं की माझी मान खाली जाते.

त्याच आठवड्यात लायब्ररीत मराठीच्या कपाटाजवळ रेंगाळत होतो. कर्वे नाव दिसलं म्हणून एक पुस्तक ओढलं. वाटलं, महर्षी कर्वे असतील. निघाले त्यांचे थोरले चिरंजीव, रघुनाथ धोंडो कर्वे. चार पानं वाचली आणि तिथेच स्टुलावर बसकण मारली, कारण हे गृहस्थ पेशाने गणिताचे प्राध्यापक होते!

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. नऊ वर्षांचे असताना आई, राधाबाई गेल्या. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षण झालं. १८९९ साली मॅट्रिकला ते पहिले आले. म्हणजे आपल्या भाषेत टॉपर! पुढे फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाले, गणितात रमले, त्याच विषयाच्या वरच्या शिक्षणासाठी पॅरिसलाही जाऊन आले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. इतकी सरळ रेषेत गाडी चालली असताना कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण हे गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

बायका एकामागून एक बाळंतपणात झिजताना त्यांना दिसत होत्या. पुरुष बाहेरून गरमी, परमा असले रोग घेऊन येत आणि घरच्या बाईला देत, हेही दिसत होतं. यावर बोलायचं कोणी? डॉक्टर मोघम बोलत, वडीलधारे डोळे वटारत. मग १९२१ मध्ये रघुनाथरावांनी स्वतःच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं केंद्र निघालं होतं, यावरून त्यांच्या धाडसाची कल्पना येईल. संततिनियमनावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करायचा यावरही लिहिलं. कॉलेजच्या चालकांना हे पटण्यासारखं नव्हतं. नोकरी की विचार, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. आपण असतो तर? मी तरी नक्की सांगू शकत नाही.

१५ जुलै १९२७ ला त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. लैंगिक विषयावर, शास्त्रीय दृष्टीने आणि सरळ मराठीत! ज्या शंका लोक आईबापाला, मित्राला, डॉक्टरलाही विचारू शकत नव्हते, त्या ते पत्राने कर्व्यांना विचारत, आणि हे त्यांची उत्तरं छापत. ना उपदेश, ना चेष्टा. गणिताचा मास्तर फळ्यावर शंका सोडवतो तसं. याची शिक्षाही झाली. १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड भरावा लागला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला, तो तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी खटला हरले, दंड दोनशे रुपये! पण मासिक बंद पडलं नाही. पैशांची ओढाताण कायमची होती, पत्नी मालतीबाई सोबत होत्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या, त्यानंतरही हा माणूस अंक काढतच राहिला. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते वारले, तेव्हाच ते थांबलं. वडील मात्र होते. पुढे १९५८ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, महर्षींना भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला दोन दंडाच्या पावत्या आल्या. असो. ‘ध्यासपर्व’ हा २००१ चा सिनेमा त्यांच्यावरच आहे, जरूर बघा.

कर्व्यांचं सगळंच आज जसंच्या तसं घ्यावं असं नाही. त्यांनी मासिक काढलं तेव्हा पेनिसिलिन औषध म्हणून हाताशी नव्हतं, आणि एड्सची जगाला पहिली ओळख झाली १९८१ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. पण त्यांची रीत मला घेता येण्यासारखी वाटली. घाबरायचं नाही, लाजायचं नाही, प्रश्न नीट मांडायचा. मग मी आणि पार्टनरने वही उघडली, आणि जे समजलं नाही ते सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकांना जाऊन विचारलं.

गणित सोपं आहे. लागण व्हायला तीन गोष्टी लागतात. समोरच्याला तो संसर्ग असणं, जंतू पुरेशा प्रमाणात बाहेर येणं, आणि आपल्या शरीरात शिरायला त्याला वाट मिळणं. हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. एक पद शून्य झालं की उत्तर शून्य! एचआयव्ही पसरतो तो रक्त, वीर्य, योनीतला व गुदद्वारातला स्राव आणि आईचं दूध यांतून. लाळेतून, घामातून नाही. म्हणून मिठी, साधं चुंबन, हाताचा स्पर्श, एकाच ताटात जेवणं, एकच संडास, डास, यांतून एचआयव्ही होत नाही. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत असताना खोल चुंबन घेतलं तरच काही शक्यता, आणि तीही अगदी विरळा.

पण सगळ्याच रोगांचं उत्तर शून्य नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. ओठावर फोड आणणारा हर्पिस चुंबनातून येतो. तोंडात सिफिलिसचा व्रण असेल तर तोही येऊ शकतो. हर्पिस आणि एचपीव्ही त्वचेला त्वचा घासून पसरतात, त्यामुळे निरोधने धोका खूप कमी होतो, पण पूर्ण जात नाही. मुखमैथुनात एचआयव्हीचा धोका फारच कमी, मात्र परमा, सिफिलिस, हर्पिस होऊ शकतात. हिपॅटायटिस-बी आणि एचपीव्ही यांवर लस आहे. आणि खरोखरच धोक्याचा संबंध आला असेल, तर आरशात जीभ बघत बसू नका. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात. तपासणी मात्र दुसऱ्या दिवशी करून उपयोग नाही. चाचणीच्या प्रकाराप्रमाणे दीड ते तीन महिन्यांनी निकाल पक्का मानतात. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. २०१७ च्या कायद्याने तो आपला हक्कच आहे.

पार्टनरला चाचणीची गरजच नव्हती, असं समुपदेशकांनी सांगितलं. तरी मनाच्या समाधानासाठी त्याने मुदत भरल्यावर केली. निगेटिव्ह! तोंड आलं होतं ते जागरणाने आणि मेसच्या तिखटाने. पेपर त्याने दिले. एक राहिला, पण तो तसाही राहणारच होता.

मैत्रिणीला त्याने फोन केला, सगळं खरं सांगितलं, माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा फोन करू नकोस म्हणाली. त्या तीन आठवड्यांत ती कशातून गेली असेल, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. बाईच्या मनाचाही विचार करा, हे कर्वे शंभर वर्षांपूर्वी सांगत होते. ते पान आम्ही उशिरा उघडलं.

आणि हो, टॉवेल! समुपदेशकांना मी तेही विचारलं. हसून त्या म्हणाल्या, टॉवेलने एचआयव्ही होत नाही, पण खरूज होऊ शकते. तेव्हा टॉवेल आपापले वापरा, आणि मित्राला मात्र लांब सरकवू नका.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी