उलट्या वाटेचा प्रवासी : कर्नल सी. के. नायडू

क्रिकेटमधील गुणवत्तेची वाट सहसा एकाच दिशेने जाते. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूखसारख्या गावात एखादा मुलगा चमकला, की त्याला आधी जिल्ह्याचे, मग पुण्या-मुंबईचे मैदान खुणावू लागते. मोठ्या संघात जाणे म्हणजे प्रगती आणि मोठा संघ सोडून छोट्या संघात जाणे म्हणजे उतरती कळा, हा हिशेब आपण गृहीत धरून चालतो. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांनी मात्र हा हिशेब आयुष्यात एकदा नव्हे, अनेकदा चुकीचा ठरवला.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे तेलुगू, पण नागपुरात स्थिरावलेले आणि वकिलीत नाव कमावलेले. त्यांचे शिक्षण आणि क्रिकेटचे पहिले धडे नागपुरातच झाले. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील आपले खाते त्यांनी षटकारानेच उघडले. उंच, ताठ बांधा, लांब हात आणि चेंडू थेट प्रेक्षकांत धाडण्याची हौस यामुळे मुंबईकरांनी या नागपूरकराला डोक्यावर घेतले.

त्या काळी क्रिकेटची राजधानी मुंबई होती. नायडूंनी मात्र १९२३ मध्ये इंदूरची वाट धरली. होळकर संस्थानचे अधिपती तुकोजीराव यांच्या निमंत्रणावरून ते संस्थानच्या सैन्यात कॅप्टन म्हणून रुजू झाले. मराठी राजघराण्याच्या या नगरीत क्रिकेटची आवड होती, पण मुंबईच्या तुलनेत सारेच लहान होते. पुढची चार दशके इंदूर हेच त्यांचे घर राहिले.

१९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत आला. बॉम्बे जिमखान्यावर नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार होते. इंग्रज पाहुण्यांना भारतीय क्रिकेटचा दर्जा कळला तो या खेळीने. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. दौऱ्याचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे असले, तरी त्या सामन्यात ते बाजूला राहिले आणि नाणेफेकीला नायडू गेले. हाताला दुखापत असताना पहिल्या डावात त्यांनी काढलेल्या ४० धावा भारतातर्फे सर्वाधिक ठरल्या. त्या दौऱ्यातील कामगिरीमुळे विस्डेनने १९३३ च्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली.

मानाच्या या शिखरावर त्यांना फार काळ राहू दिले गेले नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे विझींकडे गेले. संघात दोन तट पडले आणि नायडूंच्या वाट्याला अवहेलना आली. ओव्हलच्या कसोटीत गबी ॲलनचा चेंडू छातीवर बसूनही त्यांनी ८१ धावा काढल्या. ती त्यांची अखेरची कसोटी. अवघे सात सामने आणि ३५० धावा, इतकीच त्यांची कसोटी कारकीर्द. वय ४०. दुसरा कोणीही येथे थांबला असता.

नायडूंचे खरे काम मात्र यानंतर सुरू झाले. रणजी करंडक स्पर्धेत १९४१-४२ पासून होळकर संघ स्वतंत्रपणे खेळू लागला आणि नायडूंनी एका संस्थानच्या या संघाला मुंबईच्या तोडीस तोड करण्याचा ध्यास घेतला. इंदूरचाच मुश्ताक अली, सागरचे चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, शिवाय माधव जगदाळे, कमल भांडारकर आणि धाकटे बंधू सी. एस. नायडू अशी माणसे इंदूरला एकत्र आली. कर्नलांची शिस्त लष्करी होती. दुखापतीची सबब त्यांच्यापुढे चालत नसे, कारण ती त्यांनी स्वतःच कधी सांगितली नाही.

पहिले यश सहज आले नाही. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य ठेवले. युद्धकाळात भारतात असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांतर्फे २४९ धावांवर नाबाद राहिला, मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली, तरी ३७४ धावांनी पराभव झाला. पुढच्याच मोसमात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा उभारल्या. एकाच डावात सहा शतकवीर हा विक्रम तेव्हाचा. त्या सहांपैकी एक खुद्द नायडू होते. अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या आणि करंडक प्रथमच होळकरांकडे आला. तेव्हा कर्णधार पन्नाशीत होते.

१९४६-४७ मध्ये विजय हजारे आणि गुल महंमद यांच्या ५७७ धावांच्या भागीपुढे हाच संघ हतबल झाला. १९४७-४८ मध्ये त्याने मुंबईला नमवले. १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ मोसमांत होळकर संघ आठ वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारदा विजेता ठरला. यातल्याच मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू ५६ वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर आदळला. दात पडले. ते बाजूला सारून त्यांनी फलंदाजी चालू ठेवली.

आणि मग सर्वांना चकित करणारा निर्णय आला. १९५२-५३ मध्ये होळकर संघ पुन्हा विजेता झाला होता. पुढील दोन्ही वर्षे तो अंतिम सामन्यात पोहोचणार होता. अशा वेळी नायडू १९५३-५४ मध्ये आंध्रच्या नव्या संघाचे कर्णधार झाले. आंध्र हे राज्यच १ ऑक्टोबर १९५३ रोजी अस्तित्वात आले होते. संघाचा रणजी स्पर्धेतील तो पहिलाच मोसम होता. विजेतेपदाची आशा धरावी असे तेथे काही नव्हते. पूर्वजांच्या भूमीची ओढ असेलही. पण ५८ व्या वर्षी पाटी कोरी असलेल्या संघाबरोबर मैदानात उतरणे म्हणजे आयुष्यभराची प्रतिष्ठा पणाला लावणे होते. संघ हरला, तर हसू होणार होते ते नायडूंचे. त्यांनी तो धोका पत्करला.

तीन वर्षांनी त्यांनी याहून अवघड पाऊल उचलले. १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशाचे कर्णधार झाले. त्या प्रांताच्या क्रिकेटवर वजन होते विझींचे, म्हणजे ज्यांच्या कारकिर्दीत नायडूंना १९३६ चे कटू दिवस पाहावे लागले त्यांचेच. जुना राग मनात धरून बसण्यापेक्षा समोर दिसणारे काम त्यांना अधिक मोलाचे वाटले असावे. त्या मोसमात राजस्थानविरुद्ध ६१ वर्षांच्या नायडूंनी ८४ धावा काढल्या आणि विनू मंकड यांना दोन षटकार ठोकले. १९५६ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले. हा सन्मान लाभलेले ते पहिले क्रिकेटपटू. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले.

आंध्र वा उत्तर प्रदेशाला त्यांनी करंडक मिळवून दिला नाही. म्हणून ही दोन पाने त्यांच्या चरित्रात बहुधा घाईने उलटली जातात. पण होळकर संघाची चार विजेतेपदे ज्या श्रद्धेतून आली, तीच श्रद्धा या दोन पानांतही आहे. क्रिकेट हे दोन-तीन महानगरांची मिरास नाही, चांगला गुरू लाभला तर कोणतेही गाव उभे राहते, ही ती श्रद्धा.

तिची साक्ष उशिरा मिळाली. मुंबईला रणजी करंडक जिंकून देणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित पुढे विदर्भाकडे गेले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला हरवून पहिले विजेतेपद पटकावले. २०२२ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला नमवून आपला पहिला करंडक जिंकला. नायडूंच्या जन्मगावचा संघ २०१८ मध्ये अजिंक्य ठरला तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, म्हणजे कर्नलांनी आपल्या हातांनी घडवलेल्या क्रिकेटनगरीतच.