गिरणीतल्या आईचे कैवारी : कै. ना. म. जोशी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मी एखाद्या संत स्त्रीचे नाव घेईन असे पुष्कळ भगिनींना वाटले असेल. मी निवडले ते कै. नारायण मल्हार जोशी यांचे. मुंबईस लोअर परळला जाऊन आलेल्यांनी ना. म. जोशी मार्ग अशी पाटी वाचली असेल. पूर्वीचा तो डिलाईल रोड. पण त्या पाटीवरच्या माणसाचे आपल्या बोदवडच्या बायकांवरही ऋण आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

माझी माय येथल्या एका जिनात कपाशीतली कवडी व कचरा वेचण्यास जात असे. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी दिवस भरेपर्यंत ती कामावर होती आणि बारा दिवसांनी पुन्हा कामावर उभी राहिली. मी बाळाला घेऊन बाहेर झाडाखाली बसे. मधल्या दिवसांचा रोज बुडाला तो बुडालाच. तो अन्याय आहे असे आम्हांला वाटलेही नाही. सगळ्यांचे तसेच चाले. असे चालता कामा नये, हे ज्यांनी कायदेमंडळात उभे राहून सांगितले, त्यांपैकी जोशी हे अगदी आरंभीचे.

त्यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगाव येथे झाला. पदवी घेऊन काही वर्षे त्यांनी शिक्षकी केली. १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत शिरले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे या संस्थेने केली. चाळींतून हिंडताना कामगारांचा संसार त्यांनी जवळून पाहिला. आई गिरणीत जायची आणि मूल निजून राहावे म्हणून त्याला अफू चाटवायची, अशी त्या काळची स्थिती होती. आईला दोष देणे सोपे होते. पण बाळंतपणात तिचा रोज बुडू नये, ही खरी गोष्ट होती.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिला जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. बाळंतिणीस प्रसूतीच्या आधी व नंतर सहा-सहा आठवडे विश्रांती, त्या काळात निर्वाहापुरता पैसा आणि डॉक्टरची किंवा सुईणीची मोफत मदत मिळावी, असा करार त्या परिषदेत संमत झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक ही देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत जोशी होते आणि पुढे अनेक वर्षे ते तिचे सरचिटणीस होते. संपापेक्षा वाटाघाटींवर त्यांची भिस्त अधिक. म्हणून जहाल मंडळी त्यांना मवाळ म्हणत. पण मवाळ असले तरी ते चिकट होते.

१९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी प्रसूती साहाय्याचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. तरी मागणी मेली नाही. १९२९ साली मुंबई इलाख्याने तसा कायदा केला. देशातला तो पहिला. साऱ्या देशाचा कायदा व्हावयास १९६१ साल उजाडले. तो पाहावयास जोशी नव्हते.

मात्र गिरणीच्या दाराबाहेरच्या बाईचे काय, हा प्रश्न उरतच होता. १९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची समिती नेमली. तिच्यात डॉक्टरांच्या बरोबरीने जोशीही सभासद होते. देशात दर वर्षी सुमारे २ लाख स्त्रिया बाळंतपणाच्या कारणाने दगावतात, असा अंदाज या समितीने दिला. सुमारे ६,००० माणसांमागे एक डॉक्टर आणि ६०,००० माणसांमागे एक सुईण, असा तो काळ. १९४६ सालच्या अहवालाचा गाभा एवढाच, की पैसे नाहीत म्हणून कोणीही औषधोपचाराला मुकता कामा नये. त्यासाठी खेड्यापाड्यांत आरोग्य केंद्रे काढावीत, आरंभी ४०,००० वस्तीमागे एक, असे समितीने सुचविले. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, ती या सूचनेतून.

१९४८ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा कायदा झाला. त्यातून हंगामी कारखाने वगळले होते, आणि जिनिंग-प्रेसिंग हे हंगामी कामांतलेच. म्हणजे माझी माय त्या विम्याबाहेरच राहिली. युनियनचा हक्क सभासदापर्यंत पोचतो, विमा हजेरीपटापर्यंत पोचतो; ज्या बाईचे नाव कोणत्याच वहीत नाही, तिच्यापर्यंत पोचतो तो सगळ्यांसाठी उघडा असलेला दवाखानाच. माझी पहिली मुलगी सरकारी दवाखान्यात झाली. रात्री अवघडले होते, नर्सबाई पहाटेपर्यंत उशाशी होत्या, आणि घरी जाताना आम्हांला काही गहाण ठेवावे लागले नाही. मायने त्या दिवशी दवाखान्याच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. तिला जोशींचे नाव ठाऊक नव्हते.

३० मे १९५५ रोजी जोशींचे निधन झाले. त्यांचे काम पुरे झाले आहे असे मला वाटत नाही. हळदीकुंकवाला जमलो की कोणाच्या तरी घरचे दवाखान्याचे बिल आणि त्यापायी विकलेले वावर, हा विषय निघतोच. आपल्या दारी येणाऱ्या आशाताईंच्या योजनेत त्यांना स्वयंसेविका म्हटले गेले, आणि योग्य मोबदल्यासाठी त्यांना २०२३ साली संप करावा लागला. तेव्हा भगिनींनो, या वर्षी मंडळाने एवढे तरी करावे : सरकारी दवाखान्यात काय मिळते आणि काय मिळत नाही याची एक वही ठेवावी, आणि उणे दिसेल ते सर्वांनी मिळून मागावे. एकटीचे मागणे परत पाठविता येते. चौघींचे ऐकून घ्यावे लागते, हे जोशींच्या आयुष्यातून मी शिकले.