छोट्या आगगाडीचा शिल्पकार : फ्रँक हॉर्नबी

कन्हानच्या मुलांस आगगाडीची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग कामठी सोडून कन्हान नदीच्या पुलावरून आपल्या गावी येतो. येथूनच रामटेककडे जाणारा फाटा फुटतो. कोळशाने भरलेल्या वाघिणींच्या लांबच लांब माळा ज्यांनी बाळपणापासून पाहिल्या, त्यांच्या मनात आपलीही एक चिमुकली आगगाडी असावी, तिचे रूळ आपण आखावे, तिचे सांधे आपण फिरवावे, अशी इच्छा उपजली तर नवल कोणते? हीच इच्छा जगातील लक्षावधी मुलांच्या ठायी ज्या गृहस्थाने पुरी केली, त्याचे चरित्र आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. हा गृहस्थ इंजिनियर नव्हता, धनवान घराण्यातील नव्हता, आणि विश्वविद्यालयाची पायरीही तो चढला नव्हता. तो एक हिशेबनीस होता.

फ्रँक हॉर्नबी ह्यांचा जन्म इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी १५ मे १८६३ रोजी झाला. त्यांचे वडील जॉन हॉर्नबी खाद्यपदार्थांचा व्यापार करीत. लिव्हरपूल हे त्या काळी फार मोठे बंदर. देशोदेशींची गलबते, धक्क्यावरील प्रचंड याऱ्या, मालगाड्या आणि गुदामे ह्यांच्या सहवासात हा मुलगा वाढला. शाळेत त्याने विशेष नाव मिळविले नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या पेढीवर रोखीचे काम पाहू लागला. परंतु शोधक पुरुषांची चरित्रे वाचण्याचा त्याला मोठा नाद होता. काहीतरी यंत्र आपल्याही हातून घडावे, ही हुरहूर त्याच्या मनातून कधी गेली नाही. हत्यारे वापरण्याचे शिक्षण मात्र त्याला कोणी दिले नव्हते; जे थोडेबहुत येत होते ते घरच्या घरी धडपडून साधलेले होते.

१८८७ साली हॉर्नबी ह्यांचा विवाह क्लारा गॉडफ्रॉय नावाच्या शिक्षिकेशी झाला. रोलंड आणि डग्लस असे दोन पुत्र त्यांस झाले. १८९९ साली वडील निवर्तले, पेढी बंद पडली, आणि छत्तीस वर्षांच्या ह्या संसारी माणसास दुसऱ्याच्या दारी नोकरी धरावी लागली. डेव्हिड एलियट नावाचे मांसाची आयात करणारे एक व्यापारी होते. त्यांच्या कचेरीत हॉर्नबी हिशेब लिहू लागले. दिवसभर आकडेमोड आणि सायंकाळी मुलांबरोबर खेळ, असा त्यांचा क्रम होता.

ह्या खेळातच त्यांच्या भाग्याचे बीज होते. मुलांसाठी ते पत्रा कापून पूल, गाडे व याऱ्या बनवीत. प्रत्येक खेळण्यासाठी निराळे भाग कापावे लागत. खेळणे मोडले की ते भाग फुकट जात. एके दिवशी आगगाडीच्या प्रवासात बाहेर काम करीत असलेली एक यारी पाहून त्यांच्या मनात विचार आला, असे ते पुढे सांगत. प्रत्येक वस्तूसाठी वेगळे भाग कशाला करावे? सर्व पट्ट्या एकाच रुंदीच्या असाव्यात, त्यांवर ठराविक अंतराने सारखी छिद्रे असावीत, आणि नट-बोल्टांनी त्या हव्या तशा जोडता याव्यात. मग आज ज्या पट्ट्यांचा पूल झाला, त्यांचीच उद्या यारी होईल आणि परवा आगगाडीचा डबा. त्यांनी अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या व अर्ध्या-अर्ध्या इंचावर छिद्रे पाडली. कल्पना दिसावयास साधी आहे. पण खेळणे मोडणे आणि खेळणे सोडविणे ह्यांतील भेद त्यांनी ओळखला, ह्यातच तिचे मर्म आहे. मोडलेली वस्तू वाया जाते; सोडविलेली वस्तू पुन्हा उपयोगी पडते.

आता खरी कसोटी होती ती धैर्याची. पेटंट घ्यावयाचे तर पैसा हवा, आणि हिशेबनिसाच्या पगारात घर चालवून शिल्लक ती काय राहणार? हॉर्नबी ह्यांनी आपले धनी एलियट ह्यांजकडून पाच पौंड उसने घेतले आणि १९०१ च्या जानेवारीत पेटंटासाठी अर्ज केला. संसारी माणसाने एका खेळण्यापायी धन्याचे ऋण करावे, हे पुष्कळांस वेडेपण वाटले असते. परंतु एलियट ह्यांस त्या कल्पनेचे मोल कळले आणि ते ह्या धंद्यात भागीदार झाले. यांत्रिकी सुलभ करून दाखविणारा संच, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ते खेळणे बाजारात आले. लिव्हरपूलच्या महाविद्यालयातील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक हेले-शॉ ह्यांनी शिफारसपत्र दिल्यामुळे लोकांचा विश्वास बसला. तरी आरंभीची वर्षे कष्टाचीच गेली. १९०३ साली सुमारे दीड हजार संच विकले गेले, पण नफा म्हणून हाती काही आले नाही. ते नाउमेद झाले नाहीत. मालाचे भाग बाहेरून वेळेवर मिळत नाहीत हे पाहून १९०७ साली त्यांनी नोकरी सोडली व स्वतःचा छोटा कारखाना काढला. त्याच साली त्यांनी खेळण्यास मेकॅनो हे सुटसुटीत नाव दिले. १९०८ साली मेकॅनो कंपनी स्थापन झाली आणि १९१४ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर तिचा विशाल कारखाना उभा राहिला.

ह्यानंतर आपल्या विषयाची आगगाडी येते. पहिल्या महायुद्धापूर्वी खेळण्यातील गाड्या बहुतांशी जर्मनीत तयार होत. युद्धाने तो व्यापार तुटला. हॉर्नबी ह्यांनी ही संधी ओळखली व १९२० साली आपल्या नावाची किल्लीची आगगाडी विक्रीस आणली. तिच्या दोन रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर होते. पहिल्या गाड्यांची रचनाही मेकॅनोच्याच तत्त्वावर होती. नट-बोल्ट काढून गाडी सुटी करता येई व पुन्हा जोडता येई. रुळांचे तुकडेही सुटे असत. एकाच्या टोकाची खीळ दुसऱ्याच्या पोकळीत बसवावी की मार्ग तयार. सायंकाळी जेवणखोलीत स्टेशन उभे राहावे आणि रात्री पाने मांडण्यापूर्वी ते पेटीत निजावे, अशी ही सोय होती. १९२५ साली विजेवर चालणारी गाडीही निघाली.

तथापि एक अडचण उरली, ती जागेची. त्या मापाच्या रुळांची वळणे एक फूट व दोन फूट त्रिज्येची असत. दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ मांडावयाचे म्हणजे चार फुटांहून अधिक रुंद जागा पाहिजे. लहान घरांत ती कोठून आणावी? ह्यावर तोड म्हणून मेकॅनो कंपनीने १९३८ साली जवळजवळ अर्ध्या मापाची, म्हणजे १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावणारी गाडी काढली. तिच्या वळणाची त्रिज्या पंधरा इंच होती, म्हणून अडीच फुटांहून थोड्या अधिक रुंदीत पुरे वर्तुळ बसू लागले. ही गाडी पाहण्यास हॉर्नबी स्वतः मात्र राहिले नव्हते. १९३१ ते १९३५ ह्या काळात ते ब्रिटिश पार्लमेंटाचे सभासद होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. बिन्स रोडचा कारखाना १९७९ साली बंद पडला, पण हॉर्नबी हे नाव छोट्या आगगाड्यांवर आजही आहे.

आपल्या महाराष्ट्रातही ह्या छंदाचे एक तीर्थस्थान आहे. पुण्यास कोथरूड भागात कै. भाऊसाहेब जोशी ह्यांनी उभारलेले लघु रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांस खुले झाले. छंद नेटाने जोपासला तर तो एका माणसाचा न राहता साऱ्या गावाचा ठेवा होतो, हे तेथे जाणाऱ्यास सहज पटते.

आता कोणी विद्यार्थी विचारील की, आमच्या घरी हे कसे जमावे? कोणाचे वडील खाणीत, कोणाचे रेल्वेत. आज येथे तर उद्या बदलीच्या गावी. घर दोन खोल्यांचे, आणि त्यात माणसे सहा. अशा घरास हॉर्नबी ह्यांचे तत्त्व सर्वांत अधिक उपयोगी आहे. गाडी अशी आखावी की ती सोडविता येईल, उचलता येईल आणि दुसऱ्या घरी जशीच्या तशी जोडता येईल.

प्रथम थोडे गणित करावे. वर सांगितलेल्या लहान मापात खऱ्या वस्तूचा सुमारे शहात्तरावा भाग घेतात. त्या हिशेबाने एक मैल लोहमार्ग दाखवावयाचा तर सुमारे सत्तर फूट जागा लागेल. म्हणजे कन्हान ते कामठी एवढे अंतरही कोणाच्या घरात मावणार नाही. प्रवाशांचा सत्तर फुटी डबा अकरा इंचांचा होतो. इंजिन व तीन डबे म्हटले तर पावणेचार फुटांचा फलाट झाला. म्हणून सर्व काही दाखविण्याचा मोह टाकून एकच जागा निवडावी. लहान इंजिन आणि चार चाकी आखूड वाघिणी घेतल्या तर थोड्या जागेत पुष्कळ काम दिसते.

दुसरी गोष्ट रुंदीची. अडीच फुटांहून अरुंद फळीवर पुरे वर्तुळ बसत नाही, आणि त्याहून रुंद फळी दारातून नेताना भिंतीस घासते. तेव्हा गाडी वाटोळी फिरविण्याचा हट्ट सोडावा. चार फूट लांब व दीड फूट रुंद अशा दोन फळ्या घ्याव्या आणि त्या लांबीने जोडून आठ फुटांचा मार्ग करावा. एका फळीवर स्टेशन, फलाट व वाघिणी उभ्या करण्याचे दोन फाटे. दुसऱ्या फळीवर नदी व पूल. गाडी पुलावरून यावी, इंजिन सुटावे, वाघिणी एकेक करून आपापल्या फाट्यावर लावाव्यात, आणि रिकाम्या वाघिणी घेऊन गाडी परत जावी. ह्या खेळात वेगापेक्षा विचार अधिक लागतो. कोणती वाघीण आधी काढावी, हे ठरविताना बुद्धीस बुद्धिबळाइतकाच व्यायाम होतो.

तिसरी गोष्ट आखणीची. फळीवर खिळा ठोकण्यापूर्वी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून फळीएवढा कागद करावा व त्यावर खऱ्या लांबीचे रूळ पेन्सिलीने काढावे. सांध्याचा तुकडा सहा-सात इंचांपासून दहा इंचांपर्यंत लांब असतो, हे नवशिके विसरतात. मग कागदावर चार फाटे आणि फळीवर दोनच, अशी फजिती होते. जेथे दोन फळ्या मिळतात तेथे सांधा कधीही ठेवू नये. त्या जागी रूळ फळीच्या कडेशी काटकोनात व सरळ जावेत, म्हणजे जोडताना ते बरोबर समोरासमोर येतात. फळ्या खिळ्यांनी न जोडता नट-बोल्टांनी जोडाव्या. प्रवासात त्या एकमेकींकडे तोंड करून ठेवाव्या आणि दोन्ही टोकांस उंच पाट्या लावाव्या. मग घरे, झाडे, सिग्नल ह्यांस धक्का लागत नाही.

पैशाची सबब मात्र कोणी सांगू नये. इंजिन मिळेपर्यंत पुठ्ठ्याच्या वाघिणी कराव्या, आगपेटीच्या पेट्यांचे स्टेशन करावे, नदीचे पात्र खऱ्या कन्हानच्या वाळूने भरावे. जो मुलगा मापाने पुठ्ठा कापावयास शिकला, त्याने अर्धी विद्या साधली. हॉर्नबी ह्यांनीही आरंभ पत्र्याच्या तुकड्यांनीच केला होता.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी जमिनीवर फळ्या मांडून तासन् तास बसली तर ती वेळ दवडीत आहेत असे मानू नये. मोजमाप, काटकसर, चुकलेले काम उकलून पुन्हा करण्याचा धीर, आणि खेळ संपल्यावर प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवण्याची शिस्त, हे सारे त्या फळीवर शिकावयास मिळते. लिव्हरपूलच्या त्या हिशेबनिसाने आपल्या दोन मुलांबरोबर सायंकाळ घालविली नसती, तर मेकॅनोही झाला नसता आणि ती आगगाडीही धावली नसती. दिवसाकाठी अर्धा तास जरी वडीलधारी मंडळी त्या फळीपाशी बसली, तरी मुलांच्या हातून होणारे काम दुप्पट चांगले होईल, आणि बदलीच्या गावी पेटी उघडताना सर्व घरास आनंद होईल.