माळरानावर माणसे टिकवणारा कारखानदार



जळगाव-धुळ्याकडे कोणत्याही गावी बैठक घ्या, बियाणे, खत आणि भाव यांच्या जोडीला एक तक्रार हमखास येते. मजूर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. ऐन वेचणीत बाया दुसऱ्याच्या वावरात जातात, केळीची टोळी येते म्हणून येत नाही, पाडव्याला ठरवलेला सालदार पोळ्याच्या आत काम सोडतो. आपण रोज थोडा वाढवतो, शेजारी त्याहून जास्त वाढवतो, आणि तक्रार आहे तिथेच राहते. शंभरावर वर्षांपूर्वी एका माणसापुढे हाच प्रश्न याहून अवघड रूपात उभा होता. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचा नांगर तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी माणसे कशी जमवली आणि टिकवली, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकायला गेले, पण डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. मग ते यंत्रांच्या चित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. काम जाणणाऱ्या माणसाला मान मिळाला नाही तर तो पगारासाठी थांबत नाही, हे त्यांनी असे स्वतःच भोगले होते.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने त्यांनी सायकलींचा धंदा केला. नंतर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे सुरुवातीला नांगर पडून राहिले, ते खपायला फार वेळ लागला. धंदा जरा बसतोय तोच नगरपालिकेला वस्तीवाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि जागा खाली करायची पाळी आली.

अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हात दिला. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो. जमीन कसली, निवडुंगाने भरलेले, नागसापांचे माळरान! जवळ रेल्वे होती एवढीच जमेची बाजू.

आता विचार करा. कुशल कारागीर बेळगावात आणि कारखाना शंभर किलोमीटरहून लांब माळावर. रोज जाणे-येणे शक्यच नाही. बायकापोरे मागे ठेवून एकटा आलेला माणूस सणाला गावी गेला की परत येईलच याचा नेम नाही. लक्ष्मणरावांनी माणसांना एकटे बोलावलेच नाही. मार्च १९१० मध्ये सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह माळावर आले. यंत्रांबरोबरच वस्ती उभी राहू लागली. तिची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. हीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळाले.

वाडीत माणूस कागदावरच्या शिक्षणाने मोजला जात नव्हता. शंभूराव जांभेकर यंत्राचे काम पाहत, औषधपाणी करत आणि वेळ पडली तर स्वयंपाकही करत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. शाळेत आणि नोकऱ्यांत जम न बसलेल्या के. के. कुलकर्णींच्या हाती व्यवस्था आणि तिजोरी आली. सर्वांत धाडसाची गोष्ट राखणीची. दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर वाडीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकली गेली आणि दोघांनी ती इमानाने पार पाडली. ज्याच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही त्याच्यावर भरवसा ठेवला, तर तो जागा सहसा सोडत नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल मिळेनासा झाला तेव्हाही वाडी थांबली नाही, अडचणीतून वाट काढत राहिली. १९२० मध्ये वाडीतून मासिकही निघू लागले. १९४८ च्या सुरुवातीला जाळपोळीत कारखान्याचे फार नुकसान झाले, तरी तो पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. वाडीचा कारखाना आजही चालू आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मालकाच्या चांगुलपणावर सगळे सोडून चालत नाही. मालकाचे घर असले की नोकरीबरोबर घरही जाण्याची धास्ती असते, आणि सगळेच मालक लक्ष्मणराव नसतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. आजारपणाचा विमा १९४८ च्या, भविष्य निर्वाह निधी १९५२ च्या आणि ग्रॅच्युइटी १९७२ च्या कायद्याने आली. आपल्या वावरातल्या मजुराच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यात गावापासून पाच किलोमीटरपलीकडे काम दिले तर दहा टक्के मजुरी जादा द्यावी, असे ठरवले होते. कामावर पाणी, सावली आणि लहान मुले सांभाळण्याची सोयही त्यात होती. जाण्या-येण्याचे कष्ट हे मजुराच्या कामाचाच भाग आहेत, हे सरकारने मान्य केले. आपण कधी करणार?

तुम्हाला वाडी वसवायची नाही. एवढे मात्र करता येईल. पिकअपमध्ये माणसे कोंबून, उभ्याने आणू नका. भाड्यात वाचवलेले पैसे एका अपघातात जातात, आणि गेलेला जीव परत येत नाही. वाटेत गेलेला वेळ कामाच्या वेळेत धरा. बांधावर प्यायचे पाणी आणि सावली ठेवा, तान्ह्या लेकराला झोळी बांधायला जागा द्या. बाजाराच्या आदल्या दिवशी हिशेब चुकता करा. सालदाराच्या घराचे पत्रे पावसाआधी बघा, त्याच्या पोरांच्या शाळेची चौकशी करा. आणि ज्याला ठिबकचे वा फवारणीचे काम समजते, त्याच्या हाती ते काम पूर्ण सोपवून पाहा.

रोज वाढवणे शेजाऱ्यालाही जमते. पण ज्याच्या वावरात आपली कदर होते, त्याच्याकडे मजूर पुढच्या हंगामातही येतो. लक्ष्मणरावांचा नांगर आपण घेतला, आता त्यांची ही रीतही घेऊ या.